जांभळाखालची भाकरी

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. तुम्ही होतात तेव्हा दोन शब्द गोड बोलायला जमलं नाही, आता कागद घेऊन बसलेय! पण काल दुपारी डोळा लागला आणि तुम्ही दिसलात. वलवणच्या धरणावरून धुकं वर चढत होतं, आणि तुम्ही थोरल्या जांभळाखाली भाकरीचं फडकं सोडत होतात. मला म्हणालात, "ये, बस."

त्या जांभळावर परवा लाल रंगाने आकडा टाकलाय, आबा. रस्ता रुंद व्हायचाय. उद्या दुपारी रस्त्याच्या कामाचे साहेब झाड बघायला येणार आहेत. वारसा म्हणून राखण्याजोगं वाटलं तर रस्ता वळवतील, म्हणे. फोनवर त्यांनी विचारलं, "कुणी लावलंय झाड?" लावायचं कुणी? निलगिरी यायच्या आधी सगळी टेकडी अशीच होती ना!

आणि ती निलगिरी लावायला रान तोडलं तुमच्याच टोळीने. शाळेत असताना मी तोंडावर म्हणाले होते, "तुम्ही जंगल मारलंत." तुम्ही नुसते हसलात. का नाही बोललात काही?

कालचं स्वप्न तुमच्या टोळीतल्या मारुतीभाऊंना सांगितलं, तेव्हा कुठे ते बोलले. "ज्याच्या सावलीत भाकरी खाल्ली, त्याला कुऱ्हाड लावायची न्हाई, आमचा नेम व्हता. तुजा बा मुद्दाम जांभळाखाली बसला. आमालाबी बसवलं."

"मग रोज नवं झाड का नाही धरलंत?" मी चिडूनच विचारलं.

"धरलं की! दुसऱ्याच दिशी हिरड्याखाली बसलो. मुकादमानं वळखलं. मग काम सरेपतुर आमाला उनातच जेवाय बसवलं."

मला रडूच आलं, आबा. उन्हात खाल्लेल्या त्या भाकरीबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाहीत! आणि मी मात्र बोलून मोकळी झाले. माफ कराल?

आज सकाळी बुंध्याला मिठी मारून पाहिली. माझे हात अर्ध्यावरही पोचले नाहीत. पानांचा ओला वास येत होता, आणि वाटलं, खोडाच्या पलीकडे तुम्ही पाठ टेकून बसलाय. मी पलीकडे डोकावून पाहिलं नाही.

एक मात्र चुकलं तुमचं. मुकादमालाच झाडाखाली जेवायला बसवायला हवं होतं! वचन देते, उद्या चुलीवरच्या भाकरी घेऊन मी जांभळाखाली हजर असेन. आणि पहिली भाकरी साहेबांना वाढेन.

तुमची तोंडाळ लेक,
सुमन