शिरक्याला कोरडे हात

आई, तू गेलीस तेव्हा माझी थोरली पाळण्यात होती, आता तिचं लग्न ठरायला आलंय. इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. तुझे जावई गेल्या दिवाळीपासून अंथरुणावर आहेत. डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात वाचा शाबूत आहे, मनात आणलं तर बोलतील. ते मनात आणत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तळेगावच्या या घरात दिवसभर माझा एकटीचाच आवाज, आणि मला सारखी लोणावळ्याची बाजारामागची आपली खोली आठवते.

बाबाही असेच पडून होते. यार्डात डबे जोडताना त्यांचा पाय गेला, दवाखान्यातून कुबडी घेऊन आले आणि रेल्वेची खोली सोडावी लागली. मग ती बाजारामागची खोली, जिची मागची भिंत पावसाळाभर पाझरायची. कोरडी जागा एकच, चुलीशेजारची. तिथे तू बाबांची खाट टाकलीस. ते जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तू बंगल्यांवर भांडी घासायला जायचीस, पण पावसात बंगले बंद. तेव्हा शेजारच्या मुसलमान मावशीने तुला जांभळाचा शिरका, हल्ली ज्याला व्हिनेगर म्हणतात तो, घालायला सांगितलं. तिच्या घरचं लोणच्या-मुरंब्यांचं दुकान होतं. "चांगला उतरला तर मी दुकानात ठेवते," ती म्हणाली, आणि दुधाला विरजण लावतात तसा लावायला स्वतःकडचा जुना शिरका वाटीभर दिला.

तू बरण्या मागून आणल्यास, जांभळं कुस्करून भरलीस, तोंडाला फडकी बांधलीस आणि सगळ्या ओळीने त्या ओल्या भिंतीशी पिठाच्या डब्याजवळ मांडल्यास. दुसरीकडे जागाच नव्हती. थोड्याच दिवसांत तू एक फडकं सोडलंस आणि तशीच खाली बसलीस. वर हिरवट करडी लव आली होती, ओल्या चपलेवर येते तशी. दुसऱ्या बरणीत तेच, तिसरीत तेच. मावशी आली.

"वरचं काढून टाकलं तर?" तू विचारलंस.

"न्हाई बाई. वर दिसती तेवढीच नसती बुरशी. खाली उतरलेली असती. लोकांच्या पोटात जायाचं हाय."

"मग काय करू?"

"ओतून दे."

भर पावसात तू एकेक बरणी मागच्या ओढ्यात रिकामी केलीस. पाणी थोडा वेळ जांभळं झालं आणि वाहून गेलं. तू रडली नाहीस. घरात येऊन ओल्या लुगड्याने चुलीपुढे बसलीस आणि विस्तवाकडे बघत राहिलीस, आणि मला पहिल्यांदा वाटलं की तूही आता बाबांसारखी भिंतीकडे वळणार. मी तुझा पदर धरला तरी तुला कळलं नाही.

मावशीजवळ जुना शिरका थोडाच उरला होता, तोही तिने दिला. जांभळं संपत आली होती. तू कुसगावला मामाकडे चालत गेलीस आणि त्याच्या बांधावरच्या झाडाची शेवटची जांभळं घेऊन आलीस. या वेळी एकच बरणी. मावशी दारात बसून सांगत होती, तू करत होतीस. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन निखाऱ्यांवर उपडी धरून खडखडीत वाळवली. फडकं उकळलं, चुलीवर धरून सुकवलं. आधी जुना शिरका आत, मग फळं; आंबट आधी असलं की बुरशीला पाय ठेवायला जागा मिळत नाही, असं मावशी म्हणाली. रोज कोरड्या लाकडी डावाने फळं खाली दाबायची, वर तरंगू द्यायची नाहीत. पिठापासून, भाकरीपासून लांब ठेवायची. आणि ऊब पाहिजे.

ऊब फक्त बाबांच्या उशाशी होती. तू त्यांना म्हणालीस, "जरा सरकता का?" पुन्हा विचारलंस. मग तू खाटेचा पाय धरून ती ओढलीस, बाबांसकट, आणि चूल आणि खाट यांच्यामध्ये बरणी ठेवलीस. ठेवताना हळूच म्हणालीस, "तुमाला जगायचं नसंल तर नका जगू. मला ही बरणी जगवायचीय." तुझा तो आवाज मी नंतर कधीच ऐकला नाही. बाबांनी डोळे मिटून घेतले.

एका दुपारी तू बाहेर होतीस. मी भांडी घासून उठले आणि फळं दाबायला डाव उचलला. मागून आवाज आला.

"हात पूस."

मी वळून पाहिलं. बाबा माझ्या हातांकडे बघत होते. "वल्लं हायेत. पूस आदी."

तू आल्यावर मी सांगितलं. तू मला जवळ ओढलंस आणि किती तरी वेळ सोडलं नाहीस. त्या दिवसापासून बाबा बरणीचे राखणदार झाले. येईल त्याला विचारायचे, हात कोरडे हायेत का. पुढे शिरक्यावर पांढरट पापुद्रा धरला तेव्हा तू घाबरून ओतायला निघालीस, तर त्यांनी कुबडी आडवी धरली. "मावशीला इचार आदी." मावशीने वाकून पाहिलं आणि हसली. म्हणाली, बुरशीची लव कोरडी असते, रंगाची असते. ही सायीसारखी गुळगुळीत, ओली. हीच शिरक्याची माय, हिच्यामुळेच तो आंबतो. पावसाळा सरला तसा तो शिरका दुकानात गेला, आणि पुढे बाबाही तिथे जाऊ लागले, बाटल्यांना बुचं बसवायला. बसून होणारं काम होतं ते.

आई, या वर्षी मीही बरणी घातली. वाळवली, फडकं उकळलं, जुना शिरका आधी ओतला, रोज कोरड्या हातांनी दाबलं. शेगडी सरकवली आणि बरणी त्यांच्या उशाशी ठेवली. तुझे ते शब्दसुद्धा बोलून पाहिले. शिरका छान उतरलाय, बुरशीचा ठिपकाही नाही. मी मुद्दाम ओले हात घेऊन त्यांच्यासमोर बरणीशी गेले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ते भिंतीकडेच बघत राहिले. तू खाट ओढलीस तेव्हा तुला ठाऊक होतं का, की बाबा वळतील? की तुलाही काहीच सुचत नव्हतं? एवढंच मला विचारायचं होतं. यापुढे काय करायचं ते मला कळत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. आज शेजारच्या काकूंनी चौकशी केली तेव्हा मी सांगितलं, ते आज बोलले, पाणी मागितलं. काकूंना फार आनंद झाला, त्यांनी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी पाणी मागितलेलं नाही, आई.