पितृपक्षातले पाच दिवस

वास्को, गोवा
२५ ऑगस्ट १९६२

प्रिय मनकर्णा,

आणि एवढी मोठी गोष्ट तू पत्राच्या दुमडीत, गोंद लावायच्या जागेशी का लिहिलीस? वरती दोन बाजू भरून केळीचा भाव, वहिनीची दाढ, तापीचं पाणी राजघाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात, की यंदा कानबाईच्या सणाला मायने माझ्या नावाची मूठ घेतली नाही. मी भांडत नाही, फक्त विचारतो. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच ते संपवायचे, एवढंच तर आहे. भाईदासदादाची घेतली, त्याच्या रांगत्या पोराची घेतली, ज्याला रोट चावायला दात नाहीत, आणि माझी नाही. दादा म्हणाला म्हणे, ‘जो जेवाले नाही त्याची मूठ कायले?’ तीन वर्षं माझ्या वाटणीचे रोट त्यानेच हाणले, तेव्हा त्याला हा सवाल सुचला नाही. हे त्याला वाचून दाखव. आणि तू पुढे लिहितेस की मायने मूठ भरली होती, पण नाव न घेता गहू परत कोठीत सोडले. मग भरली होती असं लिही ना. घेतली नाही असं काय लिहितेस?

चूक माझीही आहे, ते मी मान्य करतो. गेल्या वर्षी कानबाईला येतो असं मीच लिहिलं होतं. तेव्हा मी मुंबईत होतो, सुट्टीही मिळाली होती. तिकीट काढलं नाही. का, ते मला धड सांगता येणार नाही. माय दोन दिवस प्रत्येक पॅसेंजरला दादाला स्टेशनवर पाठवत होती आणि दादा परत येऊन ‘नाही आला तुझा राजा’ एवढंच बोलत होता, हे तू तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. तू ते यंदा लिहिलंस. माझ्यावर रागावण्यासाठी दादाला पुष्कळ कारणं आहेत. बाप गेल्यावर दोन वर्षं मी शेतात टिकलो तेही त्याच्या शिव्या खाऊन. चौथीत शाळा सोडली, मागावर बसलो तर आठवड्यात उठलो, केळीला पाणी द्यायला लावलं तर वाफा फुटून शेजारच्याचं शेत भिजलं. मग त्या दिवशी केळी भरायला वॅगन लागली, माल चढवून झाला, आणि मालाबरोबर दिल्लीला जायला ठरलेला माणूस वेळेवर आला नाही. दादा म्हणाला, तू जा, परवा परत ये. मी गेलो, एवढंच झालं. परवाची चार वर्षं झाली.

आता कामाचं. मागच्या पत्रात मी विचारलं होतं की माय आणि तू इकडे पाच दिवस याल का. त्यावर तू मायचं उत्तर कळवलंस, ‘पित्तरपाट्यात कोणी गावाले जातं का?’ म्हणून आता नीट समजावून लिहितो. तू वाचशील तेव्हा ती चुलीपाशी असेल. जरा मोठ्याने वाच, मध्ये थांबू नको.

पितृपक्षात कोणी गावाला जात नाही, म्हणूनच जायचं. गाड्या मोकळ्या असतात, बसायला जागा मिळते. इथे पावसाळाभर बंदर अर्धं झोपलेलं असतं. आम्ही मालाच्या बार्ज-बोटींचा गंज खरवडत बसतो, वरून रंग देतो, अर्धा रोज मिळतो. दसरा झाला की जहाजं लागतात, लोखंडाची माती भरायची घाई सुरू होते आणि कुठकुठून माणसं येतात. मग एका खाटेला दुप्पट भाडं आणि मला दोन दोन पाळ्या. तेव्हा तुम्ही आलात तर माझं तोंडसुद्धा दिसणार नाही, दिसलं तर ओळखू येणार नाही, लाल मातीने माखलेलं असतं. पितृपक्षात पाऊस ओसरलेला असतो, झाडं हिरवी असतात, आणि मी मोकळा असतो. शुभकार्य पितृपक्षात करत नाहीत, ते मला माहीत आहे. पण हे कुठे शुभकार्य आहे? नुसतं येणं आहे. बापाची तिथी पंचमीची. ती घरीच करा, माझ्या वाटचं पाणी दादा सोडेल. षष्ठीला निघा. अष्टमीला इथे पोचाल. द्वादशीला परतीच्या गाडीत बसलात की चतुर्दशीला घरी, सर्वपित्रीला माय स्वयंपाकाला हजर आणि दुसऱ्या दिवशी घट बसवायला मोकळी. एकही गोष्ट चुकत नाही. मी पंचांग विकत आणून बघितलं आहे. पंचांग विकत घेणारा मी, यावर वहिनी हसेल, हसू दे.

माय विचारते की तिथे आपलं राज्य आहे की दुसऱ्याचं. हा सवाल गेल्या वर्षी बरोबर होता. आता आपलंच आहे. मी फेब्रुवारीत आलो तेव्हा भिंतींवर जुन्या राज्याची अक्षरं होती, आता त्यावर चुना मारला आहे. हापिसात कागद तीन भाषांत फिरतात आणि तिन्हींत काम होत नाही. आपल्या बऱ्हाणपुरातही असंच झालं होतं ना, नागपूरचं राज्य सुटून भोपाळचं लागलं तेव्हा? तलाठी तोच राहिला, फक्त शिक्का बदलला.

जेवणाची काळजी करू नको. मी मालूबाईच्या खोलीत राहतो. ही विधवा बाई आहे, साठीची, बंदरावरच्या आम्हा सहा जणांना दोन वेळ जेवायला घालते. ती मासे रांधते, हे मायला खरंच सांग, लपवू नको, नाहीतर इथे आल्यावर नाक धरून बसेल. मी नवा तवा आणि दोन मडकी आणून वेगळी ठेवली तर मालूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘तुज्या आवयक सांग, आमी सोमारा नुस्तें खायनात.’ म्हणजे सोमवारी तीही मासे खात नाही. म्हणून मायने सोमवारचं तरी तिच्या हातचं खावं असा तिचा हट्ट आहे. तिचं बोलणं मला अर्धं कळतं, उरलेलं अर्धं बहुतेक शिव्या असाव्यात. एक काम कर. येताना बसराई केळीची एक फणी आण, कच्चीच आण, वाटेत पिकेल. मी आपल्या केळींची फुशारकी मारली तर ती इथलं हातभर लांब केळं दाखवून म्हणते, तुमची ती केळी की बोटं. आपलं केळं खाल्ल्याशिवाय या बाईचं तोंड बंद होणार नाही. बुधवाऱ्यातली मावा जिलेबी मात्र आणू नको, दोन दिवसांत आंबते.

समुद्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी आहे. तापीला पूर आल्यावर दिसतं तसंच, फक्त पलीकडचा काठ नाही आणि ओसरत नाही. मायने विचारलंय की समुद्राला घाट आहे का, आणि नसेल तर बायका आंघोळीला उतरतात कुठून. मी ते वाचून हसलो, मग संध्याकाळी जाऊन खरंच बघितलं. घाट नाही. पायरी एकही नाही. नुसती वाळू आहे, आणि आपण उतरायचं नाही, पाणीच पायापाशी येतं आणि परत जातं. मायला गुडघा वाकवून एकही पायरी उतरावी लागणार नाही, हे तिला सांग. राजघाटावर ती कठड्याला धरून उतरते असं तू लिहिलंस. मी होतो तेव्हा डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन धडाधड उतरायची. कावळ्यांचं म्हणशील तर इथेही आहेत, आणि हावरे आहेत, बोलवायच्या आधी येतात.

दादा तुला पाठवायला कुरकुर करेल. त्याला सांग, मायला स्टेशनांची नावं वाचता येत नाहीत, आणि सातवी शिकलेलं घरात एकच माणूस आहे. बऱ्हाणपूरहून रात्रीच्या गाडीने कल्याण. तिथे उतरून पुण्याची गाडी. पुण्याहून लहान रुळांची गाडी लागते, तिने लोंढा, लोंढ्याला बदलून सरळ वास्को. लोंढ्याच्या पुढे घाटात गाडी एका मोठ्या धबधब्याच्या अंगावरून जाते, डब्यात तुषार येतात. तेव्हा मायला खिडकीशी बसव. मी फलाटावर असेन. गाडी चार तास उशिरा आली तरी असेन, हे लिहून देतो.

मनू, इथून पुढचं मोठ्याने वाचू नको. मायला सांग, खाली फक्त गाड्यांचे टाइम आहेत. मी बोटीवर नाव घातलं आहे. पावसाळ्याआधी मुंबईला जाऊन खलाशाचं पुस्तक काढलं, जूनमध्ये करारावर सही केली. दसऱ्यानंतर पहिलं जहाज लागेल ते माती घेऊन जपानला जाईल, तिथून पुढे कुठे ते कंपनी ठरवेल. करार दोन वर्षांचा आहे. दोन वर्षं कुठल्याही कारणाने मध्ये येता येत नाही, कोणी आजारी पडलं तरी नाही, ते त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. म्हणून दिवाळी नको, थंडी नको, हेच पाच दिवस. खाट स्वस्त आणि गाडी मोकळी हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही. तू म्हणशील, मग तूच ये ना चार दिवस घरी. मी पुष्कळ विचार केला. घरी आलो तर जाताना मला तिच्यासमोरून उठावं लागेल. ते मला जमत नाही. एक तर मी उठणारच नाही आणि वर्षभराने दादाशी कुऱ्हाड घेऊन भांडेन, नाहीतर ती झोपेत असताना निघून जाईन. ती इथे आली तर द्वादशीला गाडीत ती बसलेली असेल आणि फलाटावर मी उभा असेन. जाणारी ती असेल. तेवढं मला करता येईल. त्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला सांगणार आहे, तोवर तू गप्प राहा. ती आलीच नाही तर दसरा होऊन गेल्यावर तू सांग, आणि सांगताना पत्र हातात धरू नको, तिच्याकडे बघून सांग.

तुझाच भाऊ,
सुकलाल

ता. क. – मनीऑर्डर मायच्या नावावर केली आहे, पोस्टमन आला की अंगठा तिलाच लावू दे. दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं आणि वाटेतला चहा धरून एकशे तीस रुपये.