तारायानाचं दार

२ मार्च, सकाळी ८
फोन आला. 'तारायान' मालिका सुरू होऊन चाळीस वर्षं झाली म्हणून तिच्यावर डॉक्युमेंटरी काढतायत. दिग्दर्शिकाबाई स्वतः बोलल्या. वय तिशीच्या आतलं वाटलं, पण समज चांगली. मुलाखत घ्यायला घरी येणार. लगेच हो म्हटलं नाही. डायरी बघून कळवतो म्हणालो. डायरी बघितली. कोरी होती. दोन मिनिटांनी फोन करून हो म्हटलं.

एकोणीस वर्षं त्या यानाची दारं मी उघडली. प्लायवूडच्या भिंतीमागे स्टूल, दोन हातांत दोन दोऱ्या. कप्तान चालत आला की ओढायच्या. फळ्या आपोआप सरकल्यासारख्या सरकायच्या. मालिकेचा कणा म्हणजे मीच. अजून तसं कोणी म्हटलेलं नाही, पण विचारलंच कुठे होतं कोणी?

३ मार्च
जुन्या कोटाचं बटण लागेपर्यंत गोड बंद. रोज पाच किलोमीटर चालणं.

आणि नाकाचं प्रकरण जगासमोर मांडायचं. कप्तान एकदा बंद दारावर आपटला, नाकाचं हाड मोडलं. दार उशिरा उघडलं असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे तो दोन पावलं लवकर आला. तीस वर्षं गप्प बसलो. आता नाही.

७ मार्च
चालायला निघालो. कोपऱ्यावर शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर भेटले. त्यांना डॉक्युमेंटरीबद्दल सांगण्यात दीड तास गेला. उभं राहणं हाही व्यायामच आहे. शेवटी ते म्हणाले, दूध नासेल.

घरी आल्यावर हिने विचारलं, एकूण किती जणांच्या मुलाखती आहेत? हिला नेमके असले प्रश्न सुचतात.

११ मार्च
रंगीत तालीम. हिला दिग्दर्शिका केलं. प्रश्न मीच लिहून दिले होते. ही कणीक मळता मळता विचारत होती, तरी मी सांभाळून घेतलं. मग हिने मनाचाच एक प्रश्न घुसडला. त्या दिवशी दोरी ओढायला उशीर का झाला? मी म्हटलं, दोरी ओली होती. ही म्हणाली, स्टुडिओच्या आत? तालीम तिथेच थांबवली.

१५ मार्च, दुपारी ३
मुलाखत झाली. एकंदरीत गाजवली. दोन तास चाळीस मिनिटं बोललो, बालपणापासून सुरुवात केली. कॅमेरावाल्याने दोनदा बॅटरी बदलली. तिसऱ्यांदा बदलली नाही, पण चांगले कॅमेरे बॅटरीशिवायही थोडा वेळ चालत असावेत. कोटाचं बटण लागलं नाही. मांडीवर उशी घेऊन बसलो. ऐटदार दिसलं असणार.

नाकाचंही स्पष्ट सांगितलं. कप्तान लवकर आला, दोरी ओली होती आणि माझ्या डोळ्यांवर लाइट होता. दिग्दर्शिकाबाईंनी विचारलं, तिन्ही एकदम? म्हटलं, अंतराळात असं होतं.

जाताना त्या हिच्याशी स्वयंपाकघरात बराच वेळ हसत होत्या. बहुतेक माझं कौतुक.

२ मे
डॉक्युमेंटरीच्या पहिल्या खेळाचं निमंत्रण आलं. दोन खुर्च्या, सतरावी रांग. पुढे बसलं की मान दुखते, म्हणून मानाची माणसं मागे बसवत असावेत. ऐन वेळी बोलायला सांगितलं तर तयारी हवी म्हणून भाषण लिहिलं. अकरा पानं. हिने वाचलं. म्हणाली, अक्षर सुधारलंय.

१० मे, सकाळी
काल झालं. मी सात सेकंद आहे. 'सेटवरचा चहा उत्तम असायचा', एवढंच वाक्य ठेवलंय. खाली नाव नाही, नुसतं 'तंत्रज्ञ'. उशी पूर्ण दिसते.

कप्तान वीस मिनिटं आहे. ती नाकाची क्लिप दाखवली, मग तो म्हणाला की यानाची दारं मोटारीवर चालायची, एकोणीस वर्षांत एकदाच बिघडली आणि तीही नेमकी त्याच्या नाकावर. थिएटर हसलं. ही हसली नाही. हिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

संपल्यावर ही मला जवळजवळ ढकलतच त्याच्याकडे घेऊन गेली. सांगा, म्हणाली. लॉबीत तो खुर्चीवर बसला होता. हातात काठी, शेजारी मुलगी. ऐंशीच्या पुढचा असेल. नाक अजून जरा डावीकडे आहे. वाक्य माझ्या ओठांवर होतं. तुम्ही दोन पावलं लवकर आलात.

त्याने माझा हात हातात घेतला आणि कुठल्या खात्यात होतात ते विचारलं. मी म्हटलं, दारं.

"म्हणजे ती मोटार तुमच्याकडे होती?" तो म्हणाला. "काय मशीन होतं हो. मी कधी वेग कमी केला नाही. बाकी सेटवर सगळं पडायचं, मोडायचं, पण ते दार उघडणार याची खात्री असायची. त्या एका दिवशी काय झालं होतं त्याला?"

ही माझ्याकडे बघत होती. दिग्दर्शिकाबाईही बघत होत्या. कॅमेरा नव्हता.

"तापली होती मोटार," मी म्हटलं. "आमची चूक. आधी बघायला हवी होती."

"चालायचंच," तो म्हणाला आणि माझा हात थोपटला. बराच वेळ थोपटत होता.

घरी आल्यावर ही माझा कोट हँगरला लावताना म्हणाली, "डुलकी लागली होती ना तुम्हाला?"

तीस वर्षांत हिने हे असं सरळ कधी विचारलं नव्हतं.

हो म्हटलं.

पण पाच मिनिटांची. फार तर दहा.