वरकसातले चौकोन

३० नोव्हें., रवि.
वरकसाच्या कोरड्या डोंगरउतारावर आखलेल्या चौ. ११ मध्ये बाणाचं टोक मिळालं. गारगोटीचं, करंगळीच्या नखाएवढं, दोन्ही कडांचे बारीक टवके काढलेले. आधीच्या दहा चौकोनांत मिळून चार-पाच कपच्या, आणि आता हे. फोटो मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन : "टोकावड्याच्या रस्त्याला इतक्या जवळ? प्रबंध यावरच उभा कर." हो म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. जेवले, भांडी घासली. पिशवीवर चौकोन, तारीख, वेळ लिहिलीय का ते तीनदा उठून पाहिलं. लिहिली होती.
आई : "घरात एवढी शिकणारी ही पयलीच, आन येचते काय, तर गोटे."

४ डिसें., गुरु.
चौ. १४, १५, १६ : का. ना. (काही नाही. रोज तेच लिहायचं तर अक्षरं तरी वाचवावीत.)
बाबांनी विचारलं, "गावला काय?" मान हलवली. ते रिकाम्या पिशव्यांकडे बघत बसले. वालाची उसळ होती, जेवण गेलं नाही.
दिवाळीत त्यांना मॅडमकडचा नमुना दाखवला होता. तळहातावर घेऊन म्हणाले होते, "असले किती लागतील तुला?" मी म्हटलं, मिळतील तितके.

९ डिसें., मंगळ.
चौ. १९ : का. ना. हातभर अंतराने चालले, आडवी आणि उभी, दोन्ही.
चौ. २० ची सुतळी बांधताना बिबट्या. बांधावर, पंधरा-वीस पावलांवर, बसलेला. आधी कुत्रा वाटला. मग शेपूट दिसली. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मी घड्याळ पाहिलं, ८.१०. का पाहिलं माहीत नाही. तो उठला आणि पलीकडे उतरला. सागाचा एवढा पाचोळा, पण आवाज नाही. खुंट्या तशाच ठेवून घरी आले. सांगितल्यावर आईने आधी शेरडं आत घेतली.
बाबा : "चार दिस तिकडं जायचा नाय. मी शेरडं घेऊन फिरतो, बगतो कुटं जातोय."
आई : "वाघाला शेरडं दाखवायला चाललाव?"
शेरडं घरीच राहिली. बाबा कोयता घेऊन गेले.

१४ डिसें., रवि.
आज बाबांबरोबर गेले. ते बांधावर बसले. वर डोंगरात भेकर ओरडत होतं. म्हणाले, "वाघ तिकडं हाय, तू कर तुझं." चौ. २० करायचा होता, पण १९ ची शंका जाईना. पुन्हा चालले.
नऊ दगड. सात धारदार पाती, आणि पाती काढून उरलेले दोन गाभे.
मंगळवारी मी काय बघत होते? मग आतापर्यंतचे सगळे चौकोन असेच बघितले असतील.
बाबा बांधावरून, हसत : "गावलं ना गो?"
उचलताना एक दिसलं. लिहावं की नको. एकाही दगडाखाली मातीत खाच नव्हती. पडून राहिलेला दगड खाच करतो. हे गवतावर होते, गवत नुसतं दबलेलं. दोन दगडांना शेवाळ. वरकसात शेवाळ कुठलं?

१५ डिसें., सोम.
नळावर वाडीवरची हिरीबाई भेटली, डोक्यावर मोळी.
"काय गो, तुझा बापूस पण कालेजात जातो काय? चार दिस वढ्यात बसून गोटे येचत व्हता. इचारलं काय हरवलाय, तर बोलतो, पोरीचा अभ्यास हाय."
हसले. ती गेली. हंडा भरून वाहत होता, ते उशिरा लक्षात आलं.

१६ डिसें., मंगळ.
विचारलं. बाबा शेरडांना पाला टाकत होते.
"एकोणीसमधले दगड तुम्ही ठेवले?"
"हां." लपवलं नाही. "तुला गावत नव्हते. जेवत नव्हतीस. माझ्या डोळ्यांना दिसतात, मग काय करू?"
म्हटलं, दगड कुठे पडला होता तेच लिहायचं असतं. नुसत्या दगडाला काही अर्थ नसतो.
हातातला पाला टाकून झाला. मग : "म्हंजी हलवला का मेला?"
"हो."
ओढ्यात कुठे सापडले? वरपासून खालपर्यंत, फिरत फिरत. याआधी ठेवलेत? "दोन-चार. दिवाळीपासून." कुठल्या चौकोनात ते आठवत नाही. त्यांना सगळ्या खुंट्या सारख्याच.

१८ डिसें., गुरु.
मॅडमचा मेसेज : तक्ते सोमवारी आण.
सांगितलं तर क्षेत्र बदल म्हणतील. म्हणजे आणखी एक वर्ष. घरी ते मागायला तोंड नाही. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. ते जास्त वाईट.
चौ. ११ ला खाच होती का? आठवत नाही. फोटो तळहातावरचा आहे. जमिनीवरचा काढायचा असतो, हे दुसऱ्यांना मीच सांगत असते.

२१ डिसें., रवि.
सकाळी ओटीवर एकेक पिशवी उघडली आणि एकेक दगड बाबांच्या हातात दिला.
"माझा. हा पण माझा. हा नाय, हा तुझा."
आई : "वाटण्या चालल्यात काय बापलेकीच्या?"
चौ. १९ चे नऊही त्यांचे. चौ. ७ मधला एक त्यांचा. दोन-चार म्हणाले होते, निघाला एकच. ते पटापट सांगत होते.
शेवटी बाणाचं टोक. लगेच हात पुढे केला नाही, आधी माझ्याकडे बघितलं. मग घेतलं, उन्हात धरलं, उलटं केलं. बाकीच्या कुठल्या दगडाला एवढा वेळ लागला नव्हता.
"हा तुझा."
"नक्की?"
"तुझाच. लिव्ह."
आणि उठून शेरडं सोडायला गेले.
चौ. ७, १९ वर काट मारली. शेरा : वडिलांनी आणून ठेवलेले. तसंच लिहिलं. मॅडम म्हणतील ते म्हणतील.
चौ. ११ : संख्या १. शेरा लिहिलेला नाही. सकाळी साडेसहाची एसटी आहे, मुरबाडला तक्ता झेरॉक्स करायचाय. तोपर्यंत तेवढी एक ओळ रिकामी राहू दे.