लहान खोली भाड्याने देणे आहे

ब्रिस्टल,
मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय लोर्ना,

तुझा गुडघा कसा आहे? आणि तुझ्या म्हाताऱ्या कुत्रीचा? (मागच्या पत्रावरून दोघींपैकी ऑपरेशन कुणाचं झालं ते मला नीट कळलं नव्हतं. मी दोघींची सारखीच काळजी केली, म्हणजे चूक झाली तरी अन्याय नको.) तिकडे स्कॉटलंडात थंडी असेलच. इकडे ती बाहेर बेताची आणि घरात जास्त आहे, कारण हीटर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास एवढाच लावायचा असं आमचं ठरलंय. तू थोरली बहीण, आणि चोवीसशे पौंडांचा चेक देऊ केलेली थोरली, म्हणून तुला सगळं सविस्तर सांगणं भाग आहे. रोजनिशीत हे लिहिलेलं आहे, पण रोजनिशी उलट प्रश्न विचारत नाही, आणि हल्ली ती माझी बाजू जरा जास्तच घेते असा मला संशय आहे.

नवरा-बायकोनं वेगळं व्हायचं ठरवून पाच महिने झाले तरी मी आणि टॅमसिन एकाच छपराखाली कसे, असं तू फोनवर विचारलंस. त्याचं कारण पाच पौंड. गेल्या जूनमध्ये घराच्या कर्जाचा जुना व्याजदर संपला आणि हप्ता आठशे चाळीसवरून तेराशे नव्वदवर गेला. आम्ही शहाण्यासारखे दोन वर्षांच्या नव्या करारावर सह्या केल्या, आणि सप्टेंबरात वेगळं व्हायचं ठरवलं. घर आता विकावं तर मुदत मोडल्याचा दंड. (लग्न मोडायला दंड नाही, कर्ज मोडायला आहे. बँकेचा माणसांचा अभ्यास आपल्यापेक्षा पक्का दिसतो.) दफ्तरखान्यातला माझा पगार हातात येतो सतराशे नव्वद. हप्त्याचा अर्धा वाटा सहाशे पंच्याण्णव आणि रेल्वेच्या पुलाखालच्या एका खोलीचं भाडं अकराशे, म्हणजे झाले सतराशे पंच्याण्णव. पाच पौंड कमी, आणि या हिशेबात मी अजून जेवलेलो नाही. टॅमसिनला दातांच्या दवाखान्यात माझ्याहून कमी मिळतं. तेव्हा ती मोठ्या खोलीत राहिली आणि मी इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल यांच्या सोबतीला लहान खोलीत गेलो.

आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. भांडणात निदान कोण काय म्हणालं ते लक्षात राहतं. आमचं ठरलं ते स्वयंपाकघरात, एकमेकांना 'सॉरी' म्हणत, आणि इतक्या सभ्यपणे की नक्की कुणी सुचवलं ते रोजनिशीतही सापडत नाही. मग वाटणी झाली. फ्रिजचा वरचा कप्पा तिचा, खालचा माझा. कपडे धुवायला तिला सोमवार आणि गुरुवार, मला बुधवार. टीव्ही तिचा, रेडिओ माझा. सगळं वाटलं आणि चहा राहिला. तुला आठवतं, वीज तोडायला आलेल्या माणसालासुद्धा आई आधी चहा विचारायची. पहिल्या सकाळी मी किटली लावली आणि घशाशी आलेला प्रश्न गिळायचा प्रयत्न केला. पाणी उकळून किटली बंद झाली, प्रश्न काही खाली उतरला नाही.

"घेणार का?" मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणालो.

"लावलीच आहेस तर," वरून आवाज आला.

दुसऱ्यांदा तिनं लावली, तेव्हा तिला विचारावं लागलं, आणि मी म्हणालो, लावलीच आहेस तर. आता दिवसाला सहा वेळा चहा होतो. संसार चालू होता तेव्हा दिवसाकाठी सहा प्रश्न आम्ही एकमेकांना नक्कीच विचारत नव्हतो. पुन्हा दूध माझ्या कप्प्यात असतं आणि चहाच्या पुड्या तिच्या कपाटात, त्यामुळे दुसऱ्याशिवाय कुणालाच चहा करता येत नाही. हे आपण मुद्दाम तसं ठेवलंय का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मी ठेवलंय. तिचं माहीत नाही.

तर भाडेकरू ठेवायची कल्पना टॅमसिनची. (की माझी? 'असा एक मार्ग असू शकतो' हे वाक्य माझं होतं. 'मग तसंच करू' हे तिचं.) लहान खोलीत कुणी सहाशे पौंड देऊन राहिलं तर ते हप्त्यात जातील, माझा वाटा उतरेल, मला पुलाखाली राहून वर जेवताही येईल. अडत होतं ते फक्त पुलाखालच्या खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं यांपाशी, आणि तिथे तू उभी राहिलीस. जाहिरात दिली आणि शनिवारी मिस्टर पॅडफील्ड आले. निवृत्त बसचालक, बायको वारलेली, घरमालकानं भाडं वाढवल्यामुळे जागा शोधणारे. पाय पुसून आत आले, पुन्हा बाहेर जाऊन पुसून आले.

"खोली लहान आहे. सॉरी," टॅमसिन म्हणाली.

"खिडकीतून शेजाऱ्यांच्या कचऱ्याचे डबे दिसतात. सॉरी," मी म्हणालो.

"चौतीस वर्षं बसच्या केबिनमध्ये काढली, बाई. हा महाल आहे." मग त्यांना माझ्या सपाता दिसल्या आणि सायकलच्या हँडलवर वाळत घातलेले मोजे दिसले. "इथं आत्ता कोण असतं?"

"पाहुणा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"कधी हलणार?"

"एक तारखेला." हे टॅमसिननं सांगितलं, आणि मोज्यांकडे बघत सांगितलं.

"तंटा करणार नाही ना? काही पाहुणे फार चिकट असतात. माझा मेहुणा तीन दिवसांसाठी आला तो दोन नाताळ काढून गेला."

"छे," मी म्हणालो. "फार समंजस माणूस आहे."

"जरा जास्तच," टॅमसिन म्हणाली.

इथे निघायचं सोडून मिस्टर पॅडफील्डनी भिंतीवर टकटक केलं आणि पलीकडे कोण झोपतं ते विचारलं, कारण त्यांना घोरायची सवय आहे आणि आधी सांगितलेलं बरं. "आमची खोली आहे," टॅमसिन म्हणाली आणि तिनं दार उघडलं. त्या दाराच्या आत मी पाच महिन्यांत पाहिलेलं नव्हतं. तिचा चष्मा आणि पुस्तक खिडकीच्या बाजूला होतं. ती अजून त्याच कडेला झोपते, तिची उशी चेपलेली होती. भिंतीकडचा अर्धा पलंग सपाट होता आणि त्यावर माझी उशी होती, धुतलेल्या खोळीत. (खोळी जोडीनं मिळतात आणि टॅमसिन टापटिपीची आहे. रोजनिशीत मी हीही शक्यता लिहून ठेवली आहे. आधी हीच लिहिली.)

"नवरा कुठल्या अंगाला झोपतो?" मिस्टर पॅडफील्ड.

"भिंतीच्या," आम्ही म्हणालो.

"मग बिचाऱ्याला कापूस आणून ठेवा. घोरण्याचा मार त्यालाच बसणार." जिना उतरताना ते मला म्हणाले, "एवढं सॉरी-सॉरी करणारं जोडपं नव्या लग्नातच बघायला मिळतं. चार वर्षं झाली की नाही?"

"एकोणीस," मागून टॅमसिन म्हणाली.

त्यांनी खोली घेतली. एक मार्चला सामान घेऊन येतायत. पुलाखालच्या जागेच्या दलालाला मला या शुक्रवारी होकार कळवायचा आहे आणि महिनाअखेर पैसे भरायचे आहेत. असा हिशेब अखेर जुळला आहे, सगळे आकडे जिथल्या तिथे बसले आहेत, आणि तुझा चेक आला की तुझा धाकटा भाऊ स्वतःच्या पायावर उभा राहील. तुझे उपकार कसे मानावेत कळत नाही. कुत्रीला माझ्यातर्फे कुरवाळ. पायऱ्या जपून उतर.

तुझा,
फर्गस

ता. क. चेक पाठवू नकोस. म्हणजे कधीच नको असं नाही, पण मार्च लागेपर्यंत तुला तो सापडू नये. तुझं चेकबुक कुठेतरी पडलेलं असतंच. कारण असं की पैसे आले नाहीत तर पुलाखालची जागा जाईल, आणि एक तारखेला लहान खोलीत मिस्टर पॅडफील्ड असतील. खालच्या सोफ्यावर दोन माणसं बसू शकतात, पण सहा फुटांचं एक माणूस आडवं होऊ शकत नाही (रविवारी ती बाहेर गेली असताना पडून पाहिलं). मग या घरात झोपायला एकच जागा उरते. ती मागायचं धाडस माझ्यात नाही, लोर्ना. पण आकडेमोडच तशी निघाली तर कुणालाच काही मागावं लागणार नाही. ही लबाडी आहे का? मी दोन दिवस विचार केला. आहे. तू मात्र तेवढ्यावरून नाही म्हणू नकोस.

ता. क. २. पाकीट घेऊन निघालो होतो तेव्हा टॅमसिन दाराशी भेटली. कुणाला पत्र, म्हणाली. लोर्नाला, चेकबद्दल, असं सांगितलं (हे अक्षरशः खरं आहे). ती थोडा वेळ माझ्या कोटाचं बटण बघत राहिली. मग म्हणाली, "तिला म्हणावं, घाई नको करू. गुडघा दुखत असेल तिचा, बँकेत कशाला उगाच हेलपाटा." मी म्हणालो, मग दलालाला शुक्रवारी काय सांगू? ती म्हणाली, "सांग काहीतरी. सॉरी म्हण." आणि वर गेली. आता हा निव्वळ सभ्यपणा होता का, हे मला ठरवता येत नाही. तुझ्या गुडघ्याची काळजी तिला खरोखरच आहे. वाक्यं जशीच्या तशी उतरवली आहेत, त्यात माझा एक शब्द नाही. तू तिला माझ्याइतकीच वर्षं ओळखतेस. वाचून काय वाटतं ते कळव, आणि त्या पत्राला मात्र जलद टपालाचं तिकीट लाव.