आधी पाणी, मग नाव

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून कधी लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण काल लातुरात मला तुमच्या धाकट्याची, आपल्या मिलिंदची, किळस आली. सख्ख्या भावाची किळस! हे दुसऱ्या कुणाला सांगू?

हॉटेलच्या गार हॉलमध्ये त्याचं शिबिर होतं, 'ग्रीक महाकाव्यातून यशाचे धडे'. हो, तीच तुमची गोष्ट! नांदेडच्या वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणून, इंग्रजीत अडखळत, तुम्ही आम्हाला सांगायचात ती. वाट चुकलेल्या त्या राजाचं ध्येय, नियोजन, संयम, सगळं पडद्यावर झळकत होतं. दारावरच्या मुलीनं आधी माझं नाव विचारलं, बिल्ला लावला, मग पाण्याची बाटली दिली. मी तिथूनच माघारी फिरायला हवं होतं.

आठवतं ना? लातूर नवा जिल्हा झाला, तुमची नव्या कचेरीत बदली झाली आणि मुखेडहून आपण चौघं एसटीनं खोली शोधायला आलो. दुष्काळ होता. मिलिंदचे ओठ फुटले होते. एका दारात तुम्ही त्याच्यापुरतं पाणी मागितलं. बाई तांब्या घेऊन आल्या.

"खोली पाह्यजे का? आडनाव काय म्हन्ले?"

तुम्ही सांगितलं. बाई तांब्यासकट आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तुम्ही काहीच का बोलला नाहीत, आबा? त्याचा मला अजून राग आहे.

पुढं खोली मिळाल्यावर तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. राजा परक्या किनाऱ्याला लागला, अंगावर चिंधी नाही. तिथल्या लोकांनी त्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं आणि मगच विचारलं, बाबा रे, तू कोण? तुम्ही म्हणालात, "आपल्या घरात असंच. आधी पाणी, मग नाव." आणि झालंही तसंच, दारात येईल त्याला पाणी! माय चिडायची, "लई मोठेपणा करून राहिलात! घागर मी आनते, तुमचा राजा न्हाई!" खरंच होतं तिचं. तुम्ही नुसते हसायचात, ते चुकलंच तुमचं.

काल मिलिंदनं तो तांब्याही सांगितला. "काही कारणानं त्या ताईंनी पाणी नाकारलं. पण मी नकार पचवायला शिकलो!"

काही कारणानं! टाळ्या पडल्या. शी! ज्याच्यासाठी तुम्ही हात पसरलात, त्यालाच ते कारण सांगायची लाज वाटावी? बाहेर गाठलं तर म्हणतो, "अक्का, कारण सांगितलं की लोक अवघडतेत. कोर्स चालत न्हाई."

कचेरीच्या पायरीवरचा तुमचा एकुलता एक फोटो माझ्याकडं आहे. तो त्याला पुढच्या बॅनरवर हवाय, खाली 'माझे पहिले कोच'. तुम्ही आणि कोच! रविवारी फोटो न्यायला येतोय.

आबा, फोटो मी देणार नाही, हा माझा शब्द. पण दारही लावणार नाही, घरची रीत मोडणार नाही. उन्हातून येईल तो. आधी तांब्याभर पाणी देईन, निवांत पिऊ देईन. मग समोर बसून विचारीन, "आता सांगा पाव्हणं, तुमी कोनाचे?"

तुमची थोरली,
शोभा