बाणाजवळचं प्रश्नचिन्ह

मॅडम,

ती बाहेरून आत येते! काल संध्याकाळी बोईसरच्या आमच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली, मी स्वतः पाहिलं. पण एकदा पाहून माझी खात्री होत नाही, म्हणून आज पुन्हा पाहिलं आणि मगच लिहायला बसले. कोळ्याची मादी आधी सायकलच्या चाकासारखे आरे ओढते. मग गोल फिरत मधून बाहेर जाणारा एक विरळ, कोरडा धागा, नुसता पाय ठेवायला. कडेला पोचली की वळते आणि मागच्या पायानं चिकट धागा ओढत, प्रत्येक आऱ्यावर टेकवत, गोल गोल आत येते. येता येता तो कोरडा धागा कापूनही टाकते! मी श्वास रोखून उभी, तेवढ्यात मागून कामाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, झाडू आनू?" मी ओरडलेच, "नको!" "नाय लावत हात. आमी जळमटं काडायची नि तुमी त्यांना ओवाळायचं!" पण मग त्याही शेजारी येऊन थांबल्या. "जाम हुशार हाय बाय ही!"

पालघरला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये मी जाळं म्हणून एकात एक वर्तुळं काढली होती. तुम्ही त्यावर लाल रेघ मारलीत. "अगं, हे तर पाण्यात दगड टाकल्यासारखं दिसतंय. आज संध्याकाळी कुंपणापाशी बस. ती विणताना बघ, मगच काढ." दुसऱ्या दिवशी मी एकच फिरत जाणारा धागा काढून आणला. 'चिकट धागा' असं लिहून मधून बाहेर जाणारा बाण दाखवला, खाली 'प्रत्यक्ष पाहून' असंही लिहिलं. तुम्ही सही केलीत, बाणाजवळ पेन्सिलीनं बारीकसं प्रश्नचिन्ह काढलंत आणि जर्नल परत दिलंत.

आज माळ्यावरून ते जर्नल काढलं. बाण उलटा आहे. म्हणजे मी पाहिलेलं नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? की मी माझ्या सोयीचं वाचतेय? पण वर्तुळांवर लाल शाई आणि इथे पेन्सिल. मी विचारायला येईन आणि मग ते खोडता येईल, असं तुम्हाला वाटलं असावं. मी आले नाही. आणि तुम्ही गेल्यालाही आता किती वर्षं झाली.

हे पत्र त्याच पानात ठेवतेय. त्या संध्याकाळी मी कुंपणापाशी थांबलेच नाही. चित्र मैत्रिणीच्या वहीतून उतरवलं. तिच्या चित्रात बाण नव्हता, मॅडम. तो मी घातला, पाहिलंय असं वाटावं म्हणून.